एका घरामागे किती घरे?

नमुना सर्वेक्षणासाठी एखादे घर निवडले गेले, की ते केवळ स्वतःपुरते बोलत नाही. ज्यांच्या दारात प्रगणक गेलाच नाही अशा कितीतरी घरांच्या वतीने ते बोलत असते, आणि एका घराच्या बोलण्यात अशी किती घरे सामावली आहेत हे सांगणाऱ्या आकड्याला संख्याशास्त्रात ‘भार’ म्हणतात. भार काढण्याची रीत सोपी आहे. शंभर घरांतून एक घर निवडले असेल तर त्याच्या निवडीची संभाव्यता शंभरात एक, आणि भार त्याचा व्यस्तांक, म्हणजे शंभर. अवघड आहे ते हा भार कोणत्या गणितात घ्यावा आणि कोणत्या गणितात घेऊ नये हे ठरवणे. मोठ्या सर्वेक्षणांच्या माहितीसंचात भाराचा एक रकाना तयारच असतो. तो आहे म्हणून प्रत्येक गणितात घालणारे अभ्यासक आहेत, तसेच त्या रकान्याकडे ढुंकूनही न पाहणारे आहेत, आणि आपला प्रश्न नेमका कोणाविषयी आहे हे आधी ठरवायचे दोघांकडूनही राहून जाते. प्रस्तुत विवेचनात हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनबहुल जिल्ह्यांच्या आधाराने मांडला आहे, कारण नमुना असमान का घ्यावा लागतो आणि असमान नमुन्याने नेमके काय बिघडते, हे या भूभागात जितके उघड दिसते तितके सपाट, दाट वस्तीच्या प्रदेशात दिसत नाही.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. अनुसूचित जमातींचे प्रमाण चंद्रपुरात १७.७ टक्के, तर गडचिरोलीत ३८.७ टक्के. एकीकडे कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांच्याभोवती वाढलेली नगरे, तर दुसरीकडे गडचिरोलीच्या बारा तालुक्यांपैकी भामरागडसारखा तालुका, ज्याची लोकसंख्या त्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास होती. गडचिरोली जिल्ह्यातून लोकसंख्येच्या प्रमाणात एक हजार माणसे निवडायची ठरवली, तर भामरागडच्या वाट्याला त्यांतली जेमतेम ३४ येतील. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून गणल्या गेलेल्या तीन समूहांपैकी माडिया गोंड हा समूह मुख्यतः जिल्ह्याच्या याच, म्हणजे दक्षिण भागात राहतो (उरलेले दोन कातकरी आणि कोलाम, पैकी कोलामांची वस्ती चंद्रपूरच्या जिवती, कोरपना, राजुरा पट्ट्यात आहे), आणि ३४ जणांच्या उत्तरांवरून माडियांच्या आहाराविषयी वा आजारांविषयी काही विधान करणे धाडसाचे ठरेल. म्हणून सर्वेक्षणाची आखणी करणारा जाणूनबुजून तिथून जास्त माणसे घेतो. ही असमानता म्हणजे आखणीतला दोष नव्हे. ती एका गरजेपोटी स्वीकारलेली असते, आणि भार हा तिचा हिशेब असतो.

हिशेब न ठेवल्यास काय होते ते दोन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी एक हजार माणसे निवडली आहेत असे धरून पाहता येते. चंद्रपूरच्या प्रत्येक माणसाचा भार सुमारे २,२०४ आणि गडचिरोलीच्या प्रत्येकाचा सुमारे १,०७३ होईल. भार न घेता दोन हजारांची सरळ टक्केवारी काढली तर या संयुक्त प्रदेशात अनुसूचित जमातींचे प्रमाण २८.२ टक्के येईल. भार घेऊन काढली तर २४.६ टक्के. फरक साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर दिसतो, पण पावणेतेहतीस लाखांच्या लोकसंख्येत तो एक लाखाहून अधिक माणसांचा होतो. साक्षरतेबाबत मात्र हीच चूक फारशी महाग पडत नाही: त्याच जनगणनेत चंद्रपूरची साक्षरता ८० टक्के आणि गडचिरोलीची ७४.४ टक्के असल्याने सरळ सरासरी ७७.२ आणि भारित सरासरी ७८.२ येते. यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते, ती ही की भार न घेतल्याने येणारी चूक केवळ भारांच्या असमानतेवर अवलंबून नसते. जी गोष्ट मोजायची तिचा त्या भारांशी किती संबंध आहे, यावरही ती तितकीच अवलंबून असते. ‘इतके टक्के लोक’, ‘सरासरी इतके उत्पन्न’, ‘एकूण इतकी कुटुंबे’ अशा वर्णनात्मक विधानांसाठी भार घ्यावेत याविषयी जाणकारांत फारसा वाद नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) याच रचनेचे मोठे उदाहरण आहे. देशातील ७०७ जिल्ह्यांतून ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज हवा असल्याने नमुना जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवलेला नाही, आणि त्यामुळे ९३ लाखांवर वस्तीच्या मुंबई उपनगरातील एका घरामागे उभी असलेली घरे गडचिरोलीतील घरामागच्या घरांहून कितीतरी अधिक आहेत. या सर्वेक्षणातले भार सामान्यीकृत असतात, म्हणजे त्यांची बेरीज देशातल्या कुटुंबांइतकी न येता नमुन्यातल्या कुटुंबांइतकी यावी असे ते जुळवून घेतलेले असतात. त्यांवरून टक्केवारी काढता येते, एकूण संख्या नाही. याउलट १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातला ‘गुणक’ थेट घरांची संख्या सांगतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारले जात असल्याने त्या भागाचा भार वेगळा असतो, कारण चार पात्र स्त्रियांच्या घरातील एकीची निवड होण्याची शक्यता एकटीच असलेल्या स्त्रीच्या तुलनेत चौथाईच उरते. कोणता भार कोणत्या प्रश्नासाठी आहे हे न पाहता हाताशी आला तो रकाना वापरणे, हे भार मुळीच न वापरण्याइतकेच घातक आहे.

भार फुकट मिळत नाहीत. गडचिरोलीत पाचशे माणसे भामरागडमधून आणि पाचशे उरलेल्या अकरा तालुक्यांतून घेतली, तर पहिल्या गटाचा भार सुमारे ७३ आणि दुसऱ्याचा सुमारे २,०७३ येईल. आता संपूर्ण जिल्ह्याची भारित सरासरी काढताना भामरागडच्या पाचशे उत्तरांचे वजन जवळजवळ नाहीसे होते, आणि लेस्ली किश यांनी रूढ केलेल्या ढोबळ सूत्राने पाहिल्यास एक हजार जणांना विचारूनही अंदाजाची अचूकता सुमारे ५३५ जणांच्या साध्या यादृच्छिक नमुन्याइतकीच राहते. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भारामुळे अभिनती, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक, कमी होते, पण विचरण, म्हणजे नमुन्यागणिक उत्तर इकडेतिकडे हलण्याचे प्रमाण, वाढते. मोजायची गोष्ट भारांशी निगडित असेल तर हा व्यवहार फायद्याचा आहे. नसेल तर पदरची अचूकता देऊन बदल्यात काहीच मिळत नाही.

हा व्यवहार टोकाला गेला तर किती हास्यास्पद होतो, हे देबब्रत बसू यांनी १९७१ साली हत्तींच्या एका कल्पित गोष्टीतून दाखवले. एका सर्कसमालकाला आपल्या पन्नास हत्तींचे एकूण वजन हवे असते, पण हत्ती तोलणे सोपे नसल्याने तो सांबो नावाचा मध्यम हत्ती तोलून त्याला पन्नासने गुणायचे ठरवतो. संख्याशास्त्रज्ञाला ही रीत पटत नाही. तो चिठ्ठ्या टाकतो, सांबोची संभाव्यता शंभरात ९९ ठेवतो आणि उरलेल्या प्रत्येक हत्तीची ४,९०० त एक. चिठ्ठी सांबोचीच निघते, आणि १९५२ साली हॉर्विट्झ व थॉम्पसन यांनी मांडलेल्या, भारांवर आधारलेल्या प्रसिद्ध सूत्राने पन्नास हत्तींचे एकूण वजन सांबोच्या वजनाच्या १००/९९ पट, म्हणजे जेमतेम एका हत्तीइतके, भरते. चिठ्ठी थोराड जंबोची निघाली असती तर त्याच सूत्राने ते जंबोच्या ४,९०० पट भरले असते. कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती पाहिलेल्या गडचिरोलीच्या कोणाही माणसाला यातला वेडेपणा गणिताशिवाय कळेल. सूत्रात गणिती चूक नाही. चूक आहे ती वजनाशी काहीही संबंध नसलेल्या संभाव्यता ठरवून त्यांचे भार वजनावर लादण्यात. सगळ्या परिस्थितींत सर्वांत उत्तम ठरेल असा एकच रेषीय, अभिनतीरहित अंदाज सांत समष्टीसाठी, म्हणजे मर्यादित संख्येच्या समूहासाठी, असूच शकत नाही, हे मूळचे पुण्याचे विद्याधर प्रभाकर गोडांबे यांनी १९५५ मध्येच सिद्ध केले होते, आणि बसूंच्या हत्तींना त्या निष्कर्षाची पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गोडांबे यांचे नाव येते, पण त्यांचा हा निष्कर्ष क्षेत्रीय सर्वेक्षण करणाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो, ही खेदाची बाब आहे.

खरा वाद सुरू होतो तो वर्णन संपून कारणमीमांसा सुरू झाल्यावर. आईचे शिक्षण आणि बाळाचे वजन, मच्छरदाणीचा वापर आणि हिवताप, आरोग्य केंद्राचे अंतर आणि दवाखान्यातली प्रसूती असे संबंध शोधताना समाश्रयण वापरले जाते, म्हणजे इतर घटक स्थिर धरून एका घटकाबरोबर दुसरा किती बदलतो हे काढण्याची रीत. तिथे भार घ्यावेत का, याचे उत्तर निवड कशाच्या आधारे झाली यात आहे. निवड तालुका आणि जमात पाहून झाली असेल, आणि समीकरणात तालुका व जमात ही चले योग्य रीतीने घेतलेली असतील, तर असमान निवडीचा हिशेब समीकरणातच झालेला असतो. त्यावर पुन्हा भार चढवल्याने अभिनती कमी होत नाही, प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजाची अनिश्चितता, तेवढी वाढते. निवड उत्तरावरूनच झाली असेल तर गोष्ट निराळी. तीव्र कमी वजनाची बालके अभ्यासासाठी मुद्दाम अधिक संख्येने घेतली आणि मग आईच्या शिक्षणाचा वजनावरचा परिणाम काढला, तर शिकलेल्या आयांचीही जी बालके नमुन्यात आली ती प्राधान्याने खंगलेली असतील, आणि संबंध मूळ समाजात आहे त्याहून वेगळाच दिसेल. अशा वेळी भार अनिवार्य होतात.

या नियमालाही एक अपवाद आहे आणि तो गडचिरोलीत उपयोगाचा आहे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा या जिल्ह्याचा असल्याने रुग्ण आणि निरोगी यांची समसमान संख्या घेऊन तुलना करणारे अभ्यास इथे साहजिकच सुचतात. असा नमुना उत्तरावरूनच निवडलेला असतो, आणि त्यावरून हिवतापाचे प्रमाण काढायला गेल्यास निम्मा जिल्हा तापाने फणफणलेला दिसेल. तरीही मच्छरदाणी वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांतील रोगाच्या शक्यतांचे गुणोत्तर (ऑड्स रेशो) लॉजिस्टिक समाश्रयणाने काढले, तर ते भारांशिवायही बरोबर येते, कारण असमान निवडीचा परिणाम फक्त समीकरणातल्या स्थिरांकावर होतो. एकच माहितीसंच एका प्रश्नासाठी भारांवाचून निरुपयोगी आणि दुसऱ्यासाठी भारांवाचूनही पुरेसा असू शकतो.

याहून अवघड स्थिती परिणामच जागेगणिक बदलतो तेव्हा येते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो; तिथे आरोग्य केंद्राच्या अंतराचा प्रसूतीवर होणारा परिणाम ब्रह्मपुरी वा वरोरा तालुक्यात होणाऱ्या परिणामासारखा असण्याचे कारण नाही. अशा वेळी सगळ्यांसाठी एकच गुणांक काढला, तर भारांशिवाय तो नमुन्याच्या रचनेनुसार एक मिश्रण देतो आणि भारांसह दुसरे; भारित गुणांक म्हणजे लोकसंख्येतला सरासरी परिणाम हा समज सोयीचा असला तरी सर्वसाधारणपणे खरा नाही, हे सोलन, हायडर आणि वूल्ड्रिज या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ च्या लेखात नीट उलगडून दाखवले आहे. त्यांचा रोख असा, की दोन्ही उत्तरे काढून शेजारी ठेवावीत आणि त्यांत लक्षणीय अंतर दिसले तर त्याला रोगाचे लक्षण समजून मूळ समीकरण तपासावे. दोन उत्तरांतील अंतर योगायोगाचे आहे की नाही हे पाहण्याची कसोटी ड्यूमुशेल आणि डंकन यांनी १९८३ मध्येच दिली होती. अंतर दिसताच भारित उत्तर निवडून पुढे जाणे ही या कसोटीची चुकीची समज आहे. बहुतेक वेळा ते अंतर सांगत असते की भामरागड आणि ब्रह्मपुरी यांना एका गुणांकात कोंबले गेले आहे आणि त्यांचे परिणाम वेगळे काढायला हवेत. तालुक्यांच्या सरासऱ्यांना लोकसंख्येचे भार देण्याची जी दुसरी प्रथा आहे, तिचा हेतू केवळ अचूकता वाढवण्याचा असतो. निवडीच्या भाराशी तिची गल्लत करू नये, एवढे इथे पुरे.

भाराच्या आधी एकक ठरवावे लागते, हे वनहक्कांच्या अभ्यासात विशेष जाणवते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांच्या हाती बांबू, तेंदूपान यांचा व्यवहार आला. सर्वेक्षणासाठी गावे घरांच्या संख्येच्या प्रमाणात निवडली, म्हणजे मोठ्या गावाला मोठी संधी दिली, आणि निवडलेल्या प्रत्येक गावातून सारखीच घरे घेतली, तर दोन टप्प्यांचा गुणाकार होऊन प्रत्येक घराची संभाव्यता समान येते. अशा नमुन्याला स्वभारित म्हणतात, आणि ‘किती टक्के कुटुंबांना तेंदूची मजुरी मिळाली’ याचे उत्तर त्यात सरळ सरासरीने निघते. पण ‘किती टक्के ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः केला’ असा प्रश्न त्याच माहितीला विचारला, तर स्वभारितपणाचा काहीही उपयोग नाही, कारण चाळीस घरांचा टोला आणि चारशे घरांचे गाव या दोघांनाही ग्रामसभा एकच, आणि नमुन्यात मात्र मोठ्या गावांच्या ग्रामसभांची गर्दी झालेली. तिथे लहान टोल्याला मोठ्या गावाच्या दहापट भार द्यावा लागतो. भार न देता काढलेली टक्केवारी चुकीची म्हणता येत नाही, पण ती ग्रामसभांची टक्केवारी नसून ‘कुटुंबे कोणत्या प्रकारच्या ग्रामसभेत राहतात’ याची टक्केवारी होते, आणि अहवालात बहुधा तसे लिहिलेले नसते.

धानाच्या पीक कापणी प्रयोगांतही एककाचा हाच घोळ शेत आणि हेक्टर यांच्यात होतो, परंतु त्या प्रयोगांकडून शिकण्यासारखी अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले, की कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पादनाचा अंदाज फुगतो, कारण सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. ही चूक प्रत्येक शेतात एकाच दिशेने होते. ती कोणत्याही भाराने जात नाही. अशा प्रयोगांच्या आधारे ठरणाऱ्या पैसेवारीवर ज्यांचे कर्ज आणि सारा अवलंबून असतो त्यांच्या दृष्टीने निवडीच्या शास्त्रशुद्धतेइतकेच मोजणीच्या दोरीलाही महत्त्व आहे.

भारांची गरज मुळातच नसलेले अभ्यासही असतात. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा जो अभ्यास केला आणि जो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. दोन गावे जिल्ह्यातून यादृच्छिक रीतीने काढलेली नव्हती, त्यामुळे ९२ या आकड्याला भार देऊन जिल्ह्याचा आकडा बनवण्याचा प्रयत्न निरर्थक ठरला असता. त्या अभ्यासाचे बळ गावातल्या स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करण्यात होते, दवाखान्यात येणाऱ्यांवर विसंबण्यात नव्हे. पुढे त्यांच्याच ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन ४७ गावांशी तुलना केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. तिथेही प्रश्न दोन गटांतील फरकाचा होता, जिल्ह्याच्या सरासरीचा नव्हता. भार नाहीत म्हणून अशा अभ्यासांना कमी लेखणारा समीक्षक प्रश्न न वाचताच उत्तर तपासत असतो.

राहता राहिली चौकट, म्हणजे ज्या यादीतून निवड होते ती यादी. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने सर्वेक्षणांना दीर्घकाळ २०११ च्याच गावयादीवर विसंबावे लागले. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गाव निवडल्यावर घरांची नव्याने नोंद होते, त्यामुळे २०११ मधील घरे आणि प्रत्यक्ष सापडलेली घरे यांतला फरक भारात उतरतो. चाळीसपेक्षा कमी घरांची वस्ती शेजारच्या गावाला जोडली जाते, आणि दक्षिण गडचिरोलीतल्या विखुरलेल्या टोल्यांत हा जोडकामाचा नियम वरचेवर लागू पडावा असाच आहे. यादीत गाव आहे पण घराला कुलूप आहे, ही यापुढची अडचण. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन्ही जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि त्या दिवसांत आलेल्या प्रगणकाला दार उघडे मिळते ते मागे राहिलेल्यांचे. न मिळालेल्या घरांचा वाटा मिळालेल्या घरांवर वाटून टाकण्याची, म्हणजे प्रतिसाद न आल्याची भरपाई भार वाढवून करण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. तिच्यामागे गृहीतक असे, की त्याच गावातली कुलूपबंद घरे उघड्या घरांसारखीच आहेत. मिरचीच्या हंगामात हे गृहीतक टिकत नाही. कुलूपबंद घरातली मुले शाळा सोडून आईबापांबरोबर गेलेली असतात, आणि त्यांच्या वाटणीचा भार चढतो तो शेजारच्या त्या घरावर, जिथली मुले शाळेत जाऊ शकली कारण त्या घरातले कोणी मिरचीला गेले नव्हते.